गायब होणारे कार्ड
लॅपटॉपला बाहेरून जोडलेल्या ग्राफिक्स कार्डातील बिघाड कसा शोधावा?

विहिरीवरची मोटार सुरू केली, पण पाइपातून पाणी आले नाही, तर शेतकरी काय करतो? तो लगेच नवी मोटार आणायला धावत नाही. आधी स्टार्टरवरचे दिवे पाहून तिन्ही फेज आहेत की नाहीत याची खात्री करतो. मग मोटारीचा आवाज ऐकतो. मोटार नीट फिरत असूनही पाणी चढत नसेल, तर पंपाने हवा धरली का, फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला का, हे पाहतो. वीज, स्टार्टर, मोटार, पंप, पाइप, फूटव्हॉल्व्ह आणि पाणी ही एक साखळी आहे आणि तिच्यातला कोणताही एक दुवा निसटला तरी परिणाम एकच दिसतो, तो म्हणजे 'पाणी येत नाही', हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. दिसतो तो परिणाम, शोधायचे असते ते कारण.

विद्यार्थिमित्रहो, हीच पद्धत संगणकाच्या बिघाडालाही जशीच्या तशी लागू पडते. आज आपण त्यासाठी एक जरा नवे उदाहरण घेणार आहोत. ते म्हणजे लॅपटॉपला केबलने जोडलेले बाहेरचे ग्राफिक्स कार्ड. या जोडणीत वीज, उष्णता, माहितीचा वेग आणि संगणकाची प्रणाली अशा चार गोष्टी एकत्र येतात. त्यामुळे बिघाड शोधण्याचे शास्त्र शिकायला याहून चांगला धडा मिळणे कठीण!

ग्राफिक्स कार्ड करते तरी काय?

संगणकाच्या पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. नेहमीच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर ही संख्या २० लाख ७३ हजार ६०० भरते. हलते चित्र दाखवायचे तर यातील प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला ६० वेळा ठरवावा लागतो. प्रत्येक ठिपक्याचे गणित साधे असते, पण गणिते असतात अफाट.

एखाद्या मोठ्या शेतातला कापूस वेचायचा आहे अशी कल्पना करा. एक अतिशय चपळ माणूस लावला तरी त्याला कित्येक दिवस लागतील. त्याऐवजी पन्नास बायका एकेक ओळ धरून निघाल्या, तर काम एका दिवसात उरकेल. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा त्या चपळ माणसासारखा असतो. ग्राफिक्स कार्डावरचा प्रोसेसर म्हणजे ओळीने चालणारी वेचणीची टोळी. फरक इतकाच, की या टोळीत पन्नास नव्हे तर शेकडो किंवा हजारो लहान गणनयंत्रे असतात.

एनव्हिडिया कंपनीने १९९९ साली 'जीफोर्स २५६' हे कार्ड बाजारात आणताना त्याला 'ग्राफिक्स प्रोसेसिंग युनिट' असे नाव दिले. पुढे शास्त्रज्ञांच्या लक्षात आले, की ही टोळी फक्त ठिपके रंगवण्यापुरती नाही. एकाच प्रकारचे गणित पुष्कळ वेळा करायचे असेल, तिथे ती उपयोगी पडते. २००७ साली 'कुडा' ही आज्ञावलीची व्यवस्था उपलब्ध झाली आणि या कार्डांवर सर्व प्रकारची शास्त्रीय गणिते करणे सोपे झाले.

याचे एक उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप' ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. प्रत्येक तबकडीने टिपलेल्या लहरींची इतर प्रत्येक तबकडीच्या लहरींशी सांगड घालावी लागते. ३० तबकड्यांच्या अशा जोड्या किती होतील? ३० गुणिले २९ भागिले २, म्हणजे ४३५! हे काम सतत चालते. दुर्बिणीच्या नूतनीकरणानंतर या आकडेमोडीचा मोठा भाग ग्राफिक्स प्रोसेसरच करतात. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेतील 'परम सिद्धि-एआय' हा महासंगणकही अशाच प्रोसेसरांच्या बळावर नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील महासंगणकांच्या यादीत ६३ वा आला होता.

मग हे कार्ड लॅपटॉपच्या पोटातच का बसवत नाहीत? बसवतात, पण लहान ताकदीचे. मोठे कार्ड एकटेच १५० ते ३०० वॅट किंवा त्याहून अधिक वीज घेते आणि जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकते. लॅपटॉपच्या पातळ पेटीत ना एवढी वीज मिळते, ना एवढी उष्णता काढायला जागा असते. म्हणून कार्ड वेगळ्या पेटीत ठेवून, त्याला स्वतंत्र वीज देऊन, केबलने लॅपटॉपला जोडण्याची युक्ती निघाली. २०१५ साली आलेल्या 'थंडरबोल्ट ३' या जोडणीने ती सोपी केली.

आठ दुव्यांची साखळी

पंपाप्रमाणे इथेही साखळी आहे. तिचे आठ दुवे असे मांडता येतील :

१. भिंतीतील सॉकेट
२. पेटीतील वीजपुरवठा व त्याच्या तारा
३. ग्राफिक्स कार्ड
४. कार्ड ज्यात बसते ती पेटीतील पट्टी
५. केबल
६. लॅपटॉपचे पोर्ट
७. संगणकाची प्रणाली व ड्रायव्हर
८. पडदा

कार्ड चालत नसेल तर दोष या आठांपैकी कुठेही असू शकतो. पहिल्यापासून एकेक तपासत गेलो तर आठ तपासण्या कराव्या लागतील. पण मधोमध घाव घातला तर? समजा, तुम्ही अशी एक तपासणी शोधली, की तिच्यामुळे आठांपैकी चार दुवे निर्दोष ठरले. उरले चार. पुढच्या तपासणीत उरतील दोन, आणि तिसरीत एक. आठ दुवे, पण तपासण्या तीनच! कारण २ × २ × २ = ८. शब्दकोशात शब्द शोधताना आपण तो मधोमध उघडतो, त्यातलाच हा प्रकार.

अशी तपासणी इथे आहे. पुष्कळशा पेट्यांवर एखादे यूएसबी पोर्ट असते. त्यात पेनड्राइव्ह लावा. तो लॅपटॉपवर दिसला तर सॉकेट, पेटीतील पट्टी, केबल आणि लॅपटॉपचे पोर्ट हे चारही दुवे बहुतांशी ठीक आहेत, असे एका दमात कळले. आता राहिले कार्डाची वीज, कार्ड, ड्रायव्हर आणि पडदा. पुढची तपासणी अशी, की संगणकाच्या साधनांच्या यादीत कार्डाचे नाव येते का? विंडोजमध्ये ही यादी 'डिव्हाइस मॅनेजर' या नावाने असते. नाव येत असेल, मग त्यापुढे पिवळी खूण का असेना, तर कार्डाला वीज मिळते आहे आणि ते 'हजर' म्हणते आहे. मग उरले ड्रायव्हर आणि पडदा.

लक्षणावरून निदान

डॉक्टर ताप पाहून थेट औषध देत नाहीत. कोणता ताप हे आधी ठरवतात. इथेही लक्षणांचे पाच प्रकार वेगळे ओळखावेत.

पहिले लक्षण : काहीच चालू होत नाही. पेटीचा दिवा नाही, पंखा नाही. आधी त्याच सॉकेटवर टेबललॅम्प लावून पाहा. पेटीच्या मागचे बटण बंद राहिले आहे का, हेही बघा. दिवा लागतो पण कार्डाचा पंखा जराही हलत नाही, तर कार्डाला वेगळी वीज देणारी तार विसरली असण्याचा संभव आहे. पट्टीतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. मोठ्या कार्डाला आठ टाचण्यांच्या जोडणीतून आणखी १५० वॅटपर्यंत द्यावे लागतात. मात्र काही कार्डांचे पंखे थंड असताना मुद्दामच थांबलेले असतात. तेव्हा केवळ पंखा फिरत नाही एवढ्यावरून निकाल देऊ नये.

दुसरे लक्षण : पेटी चालू आहे, पण लॅपटॉपला कार्ड दिसत नाही. इथे पहिला संशय केबल आणि पोर्टावर. आजकाल चपट्या, लंबगोल तोंडाचे 'टाइप-सी' पोर्ट सगळीकडे असते. पण तोंड सारखे म्हणजे काम सारखे असे नाही! मोबाइल चार्ज करायच्या साध्या टाइप-सी केबलमधून पुष्कळदा सेकंदाला ४८ कोटी बिट एवढीच माहिती जाते. थंडरबोल्ट ३ ची केबल सेकंदाला ४,००० कोटी बिट नेते. म्हणजे दिसायला जुळ्या बहिणी, पण वेगात ८३ पटींचा फरक. लॅपटॉपच्या पोर्टाचेही तसेच. ते थंडरबोल्ट किंवा यूएसबी-४ जातीचे आहे का, हे लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेतच पाहावे. केबलही शक्यतो पेटीबरोबर आलेलीच वापरावी. लांब केबलमध्ये वेग घटण्याची शक्यता असते. शिवाय नवी पेटी जोडल्यावर 'या साधनाला परवानगी द्यावी का?' असा प्रश्न लॅपटॉप विचारतो. त्याला 'नाही' म्हटले गेले असेल, तर सगळे काही निर्दोष असूनही कार्ड दाराबाहेरच उभे राहते.

थंडरबोल्टची केबल लॅपटॉप चालू असताना जोडता येते. पण 'ऑक्युलिंक' या प्रकारची, किंवा लॅपटॉप उघडून आतल्या खाचेत बसवायची जोडणी असेल, तर लॅपटॉप व पेटी दोन्ही बंद करूनच जोडावी. मग आधी पेटी आणि नंतर लॅपटॉप सुरू करावा.

तिसरे लक्षण : कार्ड दिसते, पण पिवळ्या खुणेसह. या खुणेवर दोनदा क्लिक केले की एक क्रमांक दिसतो. क्रमांक म्हणजे संगणकाने लिहून दिलेली चिठ्ठीच, ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. 'कोड १२' याचा अर्थ, या साधनाला देण्यापुरती साधनसामग्री शिल्लक नाही. पोस्टमनला पत्र पोचवायला घरक्रमांक लागतात, तसे संगणकाला प्रत्येक साधनासाठी पत्त्यांचा एक पट्टा राखून ठेवावा लागतो. ग्राफिक्स कार्डाला हा पट्टा मोठा लागतो आणि जुन्या लॅपटॉपमध्ये तेवढी मोकळी जागा सापडत नाही. अशा वेळी न लागणारे एखादे साधन यादीतून तात्पुरते बंद करून, किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने दिलेले बायॉसचे नवे रूप बसवून उपाय होऊ शकतो. 'कोड ४३' याचा अर्थ, साधनानेच अडचण कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवले. इथे जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा बसवणे ही पहिली पायरी. तेवढ्याने भागले नाही, तर दुसरी केबल लावून पाहणे ही दुसरी. पण एका वेळी एकच!

चौथे लक्षण : चालते, पण अपेक्षेपेक्षा मंद. हा नेहमीच बिघाड असतो असे नाही. टेबलावरच्या मोठ्या संगणकात कार्ड सोळा पदरी मार्गाने जोडलेले असते. अशा मार्गाच्या तिसऱ्या पिढीत एका पदरातून सेकंदाला सुमारे १ गिगाबाइट माहिती जाते, म्हणजे सोळांतून सुमारे १६. थंडरबोल्ट ३ मध्ये फार तर चार पदर मिळतात, म्हणजे ४ गिगाबाइट, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. सोळा पदरी रस्त्यावरची वाहने चार पदरांत आणली तर गर्दी होणारच. त्यात आणखी एक गोष्ट. चित्र लॅपटॉपच्याच पडद्यावर पाहायचे असेल, तर तयार झालेले चित्र त्याच केबलने परत यावे लागते. हिशेब करून पाहा : २०,७३,६०० ठिपके, प्रत्येकी २४ बिट, सेकंदाला ६० वेळा. उत्तर सुमारे ३०० कोटी बिट येईल. वेगळा पडदा थेट कार्डाच्या मागच्या खाचेत जोडला की हा परतीचा भार वाचतो. पडद्याची तार चुकून लॅपटॉपच्या खाचेत लावलेली असणे, हे मंदपणाचे एक नेहमीचे कारण आहे.

दुसरे कारण उष्णता. कार्ड खोलीतल्या हवेनेच थंड होते. समजा, पूर्ण भारावर ते खोलीपेक्षा ४५ अंशांनी गरम राहते. डिसेंबरात खोली २५ अंश असेल तर कार्ड ७० अंशांवर राहील. पण मे महिन्यात नांदेड जिल्ह्यात पारा ४२ अंशांवर गेला, की तेच कार्ड ८७ अंशांवर जाईल. तेव्हा ते स्वतःच्या रक्षणासाठी आपला वेग कमी करते. हा दोष नव्हे, ही शहाणपणाची योजना आहे. उपाय एवढाच, की पेटीभोवती हवा खेळती ठेवावी, काम पहाटे किंवा रात्री करावे आणि पंख्यावरची धूळ काढावी. धूळ काढताना वीज पूर्ण तोडून, पंख्याचे पाते बोटाने धरून हळूच ब्रशने झाडावे.

पाचवे लक्षण : चालता चालता कार्ड एकाएकी गायब होते. हे सर्वांत अवघड. कारण आपण तपासायला जातो तेव्हा सगळे ठीक असते! म्हणून याचा जरा सविस्तर विचार करू.

एक तपास : हदगावच्या शाळेतला

समजा, हदगावच्या एका शाळेच्या विज्ञान मंडळाने सोयाबीनच्या पानांचे हजारो फोटो जमवले आहेत. निरोगी पान कोणते आणि पिवळ्या मोझॅक रोगाचे कोणते, हे संगणकाला ओळखायला शिकवायचे आहे. या शिकवणीला लॅपटॉपवर कित्येक दिवस लागले असते, म्हणून एका माजी विद्यार्थ्याने दिलेले जुने कार्ड पेटीत घालून जोडले आहे. एक शिकवणी पाच तासांची. पण तीन-चार तास झाले की पडद्यावर 'साधन सापडत नाही' अशी सूचना येते आणि सगळी मेहनत वाया जाते. लॅपटॉप मात्र चालूच असतो.

कोणी म्हणतो, कार्ड जुने आहे, फेकून द्या. कोणी म्हणतो, केबल बदला. नवे कार्ड घ्यायचे तर हजारो रुपये हवेत. दुरुस्तीला पाठवायचे तर नांदेडला खेप. आणि खरा दोष दुसरीकडेच असेल, तर पैसे जाऊन बिघाड तसाच राहील. प्रदर्शनाला अवघे तीन आठवडे उरले आहेत. अशा वेळी काय करावे?

पहिली गोष्ट : एक वही घालावी. विद्यार्थ्यांनी पाच दिवस नोंदी ठेवल्या, त्या अशा :

पहिला दिवस : दुपारी २ वाजून १० मिनिटांनी गायब. कार्डाचे तापमान ७८ अंश.
दुसरा दिवस : सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी गायब. तापमान ६४ अंश.
तिसरा दिवस : पाचही तास चालले. तापमान ८२ अंशांपर्यंत गेले.
चौथा दिवस : केबल बदलली. सायंकाळी ५ वाजून ५ मिनिटांनी गायब. तापमान ७१ अंश.
पाचवा दिवस : जुनी केबल परत लावली. दुपारी १२ वाजून २० मिनिटांनी गायब. त्याच क्षणी वर्गातली ट्यूबलाइट लुकलुकली.

आता या नोंदींकडे वकिलासारखे पाहा. उष्णता गुन्हेगार असती, तर ८२ अंशांच्या दिवशी कार्ड आधी गेले असते. ते तर दिवसभर टिकले, आणि ६४ अंशांना मात्र गेले. म्हणून उष्णता सुटली. केबल दोषी असती, तर चौथ्या दिवशी फरक पडायला हवा होता. केबलही सुटली. पाचव्या दिवसाची ट्यूबलाइट मात्र एक नवा साक्षीदार पुढे आणते. त्या क्षणी वीज गेली होती आणि इन्व्हर्टरने भार उचलला होता!

मग हे आधी कुणाच्या लक्षात का आले नाही? कारण लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. वीज क्षणभर गेली तरी त्याला पत्ता लागत नाही. बाहेरच्या पेटीला बॅटरी नसते. एका बैलाने जू टाकले तरी दुसरा ओढतच राहावा, तसा हा प्रकार. नेहमीच्या संगणकात असे घडत नाही. तिथे वीज गेली की सगळेच बंद पडते आणि कारण उघड दिसते. बाहेर जोडलेल्या कार्डात मात्र वीज गेल्याचे लक्षण 'कार्ड बिघडले' असे रूप घेऊन येते.

पण थांबा. एका योगायोगावरून निकाल देता येत नाही. शास्त्रात अनुमानानंतर भाकीत करावे लागते आणि भाकिताची परीक्षा घ्यावी लागते. विद्यार्थ्यांनी भाकीत केले : 'कार्ड पूर्ण भारावर असताना इन्व्हर्टरने भार उचलला तर कार्ड गायब होईल, कार्ड रिकामे असताना कदाचित होणार नाही.' शिक्षकांनी स्वतः इन्व्हर्टरकडे येणाऱ्या विजेचे बटण बंद करून पाहिले. भारावर पाच वेळा केले, पाचही वेळा कार्ड गेले. रिकामे असताना पाच वेळा केले, एकदाही गेले नाही. भाकीत खरे ठरले.

असे का व्हावे?

पेटीतील वीजपुरवठ्यात एक मोठे धारित्र, म्हणजे कपॅसिटर, असते. वीज गेल्यावर काही क्षण तेच कार्डाला जगवते. ते पाण्याच्या लहान टाकीसारखे असते. नळ गेला तरी टाकीत आहे तोवर पाणी मिळते. पण तोटी पूर्ण सोडली तर टाकी लवकर रिकामी होते.

साध्या बनावटीच्या पुरवठ्याचा हिशेब करू. आपल्या घरची वीज २३० व्होल्टची. तिचे शिखर १.४१४ पट, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट. तेवढ्या दाबाला धारित्र भरते. धारित्राचे मूल्य ४०० मायक्रोफॅरड आहे आणि दाब २५० व्होल्टच्या खाली गेला की पुरवठा थांबतो, असे धरू. साठवलेल्या ऊर्जेचे सूत्र : ऊर्जा = १/२ × धारिता × दाबाचा वर्ग.

वापरता येणारी ऊर्जा = ०.०००२ × (३२५ चा वर्ग − २५० चा वर्ग) = ०.०००२ × ४३,१२५ = सुमारे ८.६ ज्यूल.

कार्ड २५० वॅट घेत असेल तर ही ऊर्जा ८.६ ÷ २५० = ०.०३४ सेकंद, म्हणजे ३४ मिलिसेकंद पुरेल. रिकामे कार्ड ४० वॅट घेत असेल तर २१५ मिलिसेकंद पुरेल. इन्व्हर्टरला भार उचलायला समजा ५० मिलिसेकंद लागले. ३४ हे ५० पेक्षा कमी, म्हणून भारावरचे कार्ड बंद पडते. २१५ हे ५० पेक्षा जास्त, म्हणून रिकामे कार्ड तग धरते. विद्यार्थ्यांना जे दिसले ते गणितातही दिसते!

याच गणिताने आणखी एक गोष्ट कळते. संध्याकाळी दाब १८० व्होल्टवर उतरला, तर शिखर अवघे २५५ व्होल्टच्या आसपास राहते. मग टाकीत अर्धा ज्यूलही उरत नाही आणि भारावरचे कार्ड २ मिलिसेकंदांतच बंद पडते. म्हणजे वीज पूर्ण न जाता नुसती डोळा मिचकावली, तरी पुरे! चांगल्या बनावटीच्या पुरवठ्यात येणारा दाब कमी असला तरी धारित्र ४०० व्होल्टच्या जवळपास भरलेले ठेवण्याची सोय असते. असा पुरवठा निवडणे म्हणूनच हिताचे.

उपाय? पुष्कळशा घरगुती इन्व्हर्टरांच्या मागे 'यूपीएस' असे लिहिलेले एक बटण असते. ते त्या बाजूला केले की इन्व्हर्टर भार अधिक चटकन उचलतो. या शाळेने तेच केले आणि एक पैसाही खर्च न होता कार्ड टिकू लागले. त्याबरोबरच शिकवणीचा निकाल दर अर्ध्या तासाने डिस्कवर साठवण्याची सूचना आज्ञावलीत घातली. म्हणजे पुन्हा काही झाले तरी अर्ध्या तासाहून जास्त नुकसान होणार नाही.

मुंग्या आल्या तर

पेटीच्या धातूला हात लावताच बोटांना मुंग्या येत असतील, तर कार्ड तपासणे सोडून आधी अर्थिंग तपासून घ्यावे. वीजपुरवठ्यातील गाळणीची लहान धारित्रे विजेची तार आणि पेटीचे अंग यांच्यामध्ये जोडलेली असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यांतून झिरपणारा अल्पसा प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग तुटलेले असेल तर तो तुमच्या बोटांतून वाट काढतो. आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. काळी जमीन उन्हाळ्यात वाळते, भेगाळते आणि तिचा विद्युत्‌रोध वाढतो. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी पद्धत शास्त्रशुद्धच आहे. तीन टाचण्यांच्या पिनेतली जाड टाचणी काढून टाकून ती दोन छिद्रांच्या सॉकेटात कधीही घालू नये. लॅपटॉप, पेटी आणि पडदा या तिघांना एकाच पट्टीवरून वीज द्यावी. मुंग्या थांबत नसतील तर परवानाधारक वायरमनला बोलवावे.

आणि एक सक्त सूचना : वीजपुरवठ्याची डबी कोणत्याही कारणाने उघडू नये. वर पाहिल्याप्रमाणे आतले धारित्र ३०० व्होल्टहून अधिक दाबाला भरलेले असते, आणि पिन काढल्यावरही काही काळ तसेच राहू शकते.

लक्षात ठेवण्याचे नियम

१. आधी साखळी कागदावर काढा, मग हात लावा.
२. साखळीच्या मध्यावर तपासणी करा.
३. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या आणि बिघाड गेला, तर कशामुळे गेला हे कधीच कळणार नाही.
४. बदल करून फरक पडला नाही तर जुनी स्थिती परत आणा.
५. वेळ, तापमान, विजेची स्थिती लगेच लिहा. स्मरणावर विसंबू नका.
६. कारण सापडले असे वाटले, की तोच बिघाड मुद्दाम घडवून पाहा. घडवता आला तरच कारण खरे सापडले.

करून पाहा

प्रयोग १. ९ व्होल्टची बॅटरी, १६ व्होल्टचे १,००० मायक्रोफॅरडचे धारित्र, एक एलईडी, १ किलोओहम आणि ४.७ किलोओहम असे दोन रोधक घ्या. एलईडी आणि १ किलोओहमचा रोधक एकापुढे एक जोडा. ही जोडी धारित्राला समांतर लावा आणि बॅटरी जोडा. धारित्राचे धन व ऋण टोक नीट पाहून लावा. आता बॅटरी काढा आणि एलईडी विझायला किती वेळ लागतो ते मोजा. मग रोधक बदलून ४.७ किलोओहमचा लावा. वेळ किती पटींनी वाढला? भार आणि टिकण्याचा वेळ यांचे नाते यातून दिसेल.

प्रयोग २. टॉर्चचे दोन सेल, बटण, तारा आणि बल्ब यांची साखळी करा. मित्राला तुमच्या नकळत तिच्यात एक दोष घालायला सांगा. कमीत कमी तपासण्यांत तो शोधा. प्रत्येक तपासणी आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष वहीत लिहा. शिक्षकांनी वर्गाचे गट पाडून ही स्पर्धा घ्यावी आणि वेळेपेक्षा वहीतील नोंदींना अधिक गुण द्यावेत.

प्रश्न १. साखळीत ३२ दुवे असतील, तर निम्मे-निम्मे करत दोष शोधायला किती तपासण्या लागतील?

प्रश्न २. वरच्याच पुरवठ्यात धारित्र ८०० मायक्रोफॅरडचे बसवले, तर २३० व्होल्टवर २५० वॅटचा भार किती वेळ टिकेल? ५० मिलिसेकंदांच्या खंडातून कार्ड वाचेल का?

प्रश्न ३. खोलीचे तापमान ३८ अंश आहे आणि कार्ड खोलीपेक्षा ४५ अंशांनी गरम राहते. ८० अंशांच्या वर ते वेग कमी करत असेल, तर शिकवणी कोणत्या वेळी चालवाल?

उत्तरे : (१) पाच. (२) सुमारे ६९ मिलिसेकंद, वाचेल. (३) कार्ड ८३ अंशांवर जाईल, म्हणून खोली ३५ अंशांच्या खाली असेल अशा वेळी, म्हणजे रात्री किंवा पहाटे.